कारातानी कोजिन: सुरुवात कुठल्या पुस्तकापासून करू? (बजेट रु. २०००)

तळटीप
नमस्कार मंडळी. जपानी समीक्षक कारातानी कोजिन वाचायला घ्यायचे आहेत. सोसेकीची 'कोकोरो' कादंबरी इंग्रजीतून वाचून झाली आहे. जपानी एन-३ पर्यंत (जपानी भाषापरीक्षेची मधली पायरी, एन-१ सगळ्यांत वरची). कांट आणि मार्क्स ऐकीव. बजेट रु. २०००, जास्तीत जास्त दोन पुस्तकं, हाताशी दोन महिने. रस साहित्यसमीक्षेत आहे, जगाचा इतिहास वगैरे नंतर.
प्रश्न तीन. पहिलं पुस्तक कुठलं? इंग्रजी की जपानी? आणि जपानी घ्यायचं तर आवृत्ती कुठली, कारण एकाच नावाच्या दोन-तीन दिसतात.

शाईची_दौत
'ओरिजिन्स ऑफ मॉडर्न जॅपनीज लिटरेचर'. दुसरा विचारच नको. मूळ जपानी १९८०, इंग्रजी १९९३, ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेस. भाषांतराच्या संपादक ब्रेट द बॅरी, प्रस्तावना अमेरिकी मार्क्सवादी समीक्षक फ्रेड्रिक जेमसनची. प्रकरणं मुळात सहा: निसर्गदृश्याचा शोध, अंतरंगाचा शोध, कबुलीजबाब नावाची व्यवस्था, आजाराचा अर्थ, बालकाचा शोध, रचनाशक्ती. इंग्रजीत सातवं जोडलंय, साहित्यप्रकार विरून जाण्याबद्दल.
जेमसनची प्रस्तावना शेवटी वाचा. आधी वाचलीत तर सगळं पुस्तक जेमसनच्या चष्म्यातून दिसतं आणि तो चष्मा लवकर उतरत नाही.

पोटमाळा
साहित्य-बिहित्य सोडा हो, तो माणूस त्यातून केव्हाच बाहेर पडलाय. सरळ 'द स्ट्रक्चर ऑफ वर्ल्ड हिस्टरी' घ्या. जपानी २०१०, इंग्रजी २०१४, भाषांतर मायकेल बोर्डाघ्ज. मार्क्सवादी इतिहास उत्पादनपद्धतीवरून लावतात, कारातानी विनिमयपद्धतीवरून लावतात. पद्धती चार. अ म्हणजे देणं आणि त्याची परतफेड. ब म्हणजे लुटायचं आणि त्या बदल्यात संरक्षण द्यायचं. क म्हणजे पैसा आणि माल. ड म्हणजे अ पद्धतीचं वरच्या पातळीवर पुन्हा येणं. भांडवल, राष्ट्र आणि राज्य या तिघांची मोट कशी बांधली गेली ते यातून कळतं. एकाला धक्का दिला की उरलेले दोघे त्याला सावरून घेतात, म्हणून नुसतं भांडवलाविरुद्ध ओरडून भागत नाही.
२०२२ चं तत्त्वज्ञानाचं बर्गग्रुएन पारितोषिक, दहा लाख डॉलर, ते याच कामाच्या जोरावर. ते मिळवणारे आशियातले पहिले.

शाईची_दौत
धागाकर्तीनं "जगाचा इतिहास नंतर" असं स्पष्ट लिहिलंय.

पोटमाळा
वाचलं. म्हणूनच सांगतोय.

अनुस्वार
पुस्तकं नंतर, आधी नाव नीट लिहा. मूळ उच्चारात का-रा-ता-नी असे चार ठोके आहेत आणि चारही ऱ्हस्व. आपण तीन दीर्घ आकार आणि वर दीर्घ ईकार देऊन ठेवलाय. 'करातानी' जास्त जवळचं. 'कोजिन'मधला ओ मात्र दीर्घ.

ओसाकाकर
@अनुस्वार, काटेकोर जायचं तर 'करतनि' लिहावं लागेल आणि मराठी माणूस ते 'कर्तनि' वाचेल. जपानी ऱ्हस्व अ तोंड उघडून म्हणतात, आपला अ तसा नाही. म्हणून 'का'च बरा. आडनाव आधी, हे मात्र धागाकर्तीनं बरोबर लिहिलंय. इंग्रजी मुखपृष्ठांवर उलटं असतं, तेव्हा दोन्ही क्रमांनी शोधा, नाहीतर निम्मी पुस्तकं दिसतच नाहीत.

अनुस्वार
'कोजिन' हे टोपणनाव, खरं नाव योशिओ. सोसेकीची 'कोजिन' नावाची कादंबरी आहे, त्यावरूनच घेतलंय.

ओसाकाकर
दोन्हीकडची कांजी (चिनी चिन्हलिपी) अक्षरं तीच आहेत, इतकंच म्हणा.

खंडप्रेमी
सुटी पुस्तकं घेऊच नका. इवानामी प्रकाशनाचा 'तेइहोन कारातानी कोजिन श्यू' हा संच घ्या, पाच खंड, २००४. पहिला खंड 'उगम' (म्हणजे 'ओरिजिन्स'), दुसरा 'रूपक म्हणून वास्तुकला', तिसरा 'ट्रान्सक्रिटीक', चौथा राष्ट्र आणि सौंदर्यशास्त्र, पाचवा इतिहास आणि पुनरावृत्ती. लेखकानं स्वतः हात फिरवलेला मजकूर. माझ्याकडे पाचही आहेत, कपाटात फार देखणे दिसतात.

तळटीप
बजेट २००० आहे हो!

खंडप्रेमी
एकदाच घ्यायचं तर चांगलं घ्यावं.

ओसाकाकर
आता आवृत्त्यांचं. इथेच लोक फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.
'निहोन किन्दाइ बुन्गाकु नो किगेन' (म्हणजे शाईची_दौत सांगतात तेच 'उगम') बाजारात दोन वेगवेगळ्या मजकुरांत आहे. एक १९८० चा मूळ मजकूर. तो कोदान्शा प्रकाशनाच्या बुन्गेइ बुन्को (बुन्को म्हणजे खिशातलं छोटं पुस्तक) मालिकेत १९८८ साली आला आणि २००९ साली त्याच मालिकेत 'गेनपोन', म्हणजे मूळ प्रत, अशी पाटी लावून पुन्हा आला. दुसरा 'तेइहोन', म्हणजे पक्की केलेली प्रत. २००४ च्या संचासाठी कारातानींनी पुष्कळ फिरवून लिहिलेला हा मजकूर २००८ साली इवानामी गेन्दाइ बुन्कोत खिशात मावेल अशा आकारात आला. नाव जवळपास तेच, मजकूर वेगळा.
फसगत अशी होते: इंग्रजी १९९३ चं, शेजारी जपानी 'तेइहोन' उघडायचं आणि वाक्याला वाक्य लावत बसायचं. लागत नाही. परिच्छेद सरकलेले, वाक्यं नवी, काही जुनी गायब. वाचणाऱ्याला वाटतं, आपलं जपानी कच्चं. जपानीचा काही दोष नसतो, इंग्रजी भाषांतर २००४ च्या आधीचं आहे. शेजारी ठेवून वाचायचं तर गेनपोन किंवा १९८८ ची जुनी बुन्को. एकटं जपानीच वाचायचं तर तेइहोन चालेल, मांडणी जास्त घट्ट आहे.
मागवताना मुखपृष्ठाचं चित्र पाहू नका, पाटीवरची दोन अक्षरं पाहा. एका ऑनलाइन विक्रेत्यानं गेनपोनचं चित्र लावून तेइहोन पाठवल्याचं उदाहरण आहे. परत करण्याचा टपालखर्च पुस्तकापेक्षा जास्त.

घाटमाथा
+१ ओसाकाकर. गेनपोन आणि तेइहोन हे वेगळे मजकूर आहेत, हे लक्षात ठेवा.

ओसाकाकर
तेच लिहिलंय वर.

घाटमाथा
हो, ठसावं म्हणून.
एन-३ वर हे जपानी झेपणार नाही. व्याकरण अडवत नाही, वाक्यं तशी सरळ आहेत. अडवतात ती दोन कांजींची अमूर्त नामं: फूकेइ (निसर्गदृश्य), नाइमेन (अंतरंग), कोकुहाकु (कबुली), सेइदो (व्यवस्था), किगेन (उगम), आणि सगळ्यांत महत्त्वाचं तेन्तो, म्हणजे उलटापालट. हे सहा शब्द आधी घोटा, पुस्तकाचा निम्मा भार उतरतो. तरीही पहिल्या वाचनाला इंग्रजीच.

दुसरी_बाजू
'उगम' इंग्रजीत वाचणारे बहुतेक पहिल्याच प्रकरणात घसरतात, कारण 'डिस्कव्हरी' शब्द सरळ घेतात. डोंगर-झाडं होतीच, मेइजी काळातल्या (१८६८–१९१२) लेखकांना ती दिसायला लागली, असं समजून पुढे जातात. कारातानींचं म्हणणं उलटं आहे. निसर्गदृश्य ही पाहण्याची एक नवी रचना तयार झाली आणि तयार होताक्षणी ती नवी आहे हे सगळे विसरले. मग ते कायमचंच होतं असं वाटायला लागलं. 'तेन्तो' ती हीच. शीर्षकातला 'उगम' त्यामुळे तिरकस आहे. वंशावळ शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही.
मराठीत यासाठी मस्त सोय आहे. आपण अमेरिकेचाही शोध म्हणतो आणि वाफेच्या इंजिनाचाही शोधच म्हणतो. पुस्तकभर 'शोध' शब्द डोक्यात ठेवा आणि दरवेळी विचारा, अमेरिकेवाला की इंजिनवाला?

अडगळ
मग केशवसुत-बालकवींचा निसर्ग कुठल्या शोधात बसतो?

दुसरी_बाजू
वेगळा धागा काढा. इथे सुरू झालं तर धाग्याचा काश्मीर होईल.

अडगळ
बरं. पण कारातानींच्याही आधी कोबायाशी हिदेओ (१९०२–१९८३) वाचायला हवा. आधुनिक जपानी समीक्षेची घडी त्यानं बसवली. १९२९ साली 'काइझो' मासिकाच्या स्पर्धेत त्याचा लेख दुसरा आला. पहिला आलेला मियामोतो केन्जी पुढे जपानी कम्युनिस्ट पक्षाचा नेता झाला. इंग्रजीत 'लिटरेचर ऑफ द लॉस्ट होम', भाषांतर पॉल अँडरर, १९९५. कोबायाशी आला नाही तर कारातानी कोणाशी भांडतोय ते कळत नाही.

शाईची_दौत
'उगम'मध्ये भांडण एकट्या कोबायाशीशी नाही. तिथे सगळ्या 'आधुनिक साहित्य' कल्पनेशीच भांडण आहे. कोबायाशी नंतर वाचला तरी बिघडत नाही.

चहा_की_कॉफी
ओकाकुरापासून सुरुवात करा! जपानी कलाविचारवंत तेन्शिन ओकाकुरा १९०१-०२ मध्ये भारतात होता, कलकत्त्यात ठाकूरांच्या घरी त्याचं जाणं-येणं. 'आयडियल्स ऑफ द ईस्ट' १९०३ मध्ये लंडनला छापलं, प्रस्तावना भगिनी निवेदितांची. जपानमधल्या होर्यूजी मंदिराच्या भित्तिचित्रांबद्दल लिहिताना त्याला अजिंठा आठवतो. आपल्याला जवळचं.

दुसरी_बाजू
अगदीच अवांतर नाही हे. ओकाकुरा आणि लोककलेचे अभ्यासक यानागी सोएत्सु यांच्यावर कारातानींचा लेख आहे, 'यूझेस ऑफ एस्थेटिक्स: आफ्टर ओरिएंटलिझम', 'बाउंडरी २' नियतकालिकात, १९९८. मुद्दा असा: दुसऱ्या देशाच्या कलेवर जीव टाकणारा माणूस त्या देशातल्या माणसांकडे दुर्लक्ष करू शकतो. त्याला कलेचं भलतं प्रेम असतं आणि माणसं तेवढी कंसात जातात. लेख पुस्तकापेक्षा सोपा आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात नियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह असेल तर फुकट मिळेल.

पोटमाळा
तरी मी म्हणतो 'वर्ल्ड हिस्टरी'.

सुटे_पैसे
कारातानींची चळवळ विसरू नका. नॅम (न्यू असोसिएशनिस्ट मूव्हमेंट), २००० साली ओसाकात सुरू केली, जानेवारी २००३ मध्ये बंद. 'क्यू' नावाचं स्वतःचं स्थानिक चलन काढलं होतं. विनिमयाच्या चार पद्धती शिकवणाऱ्याला स्वतःचं चलन तीन वर्षं चालवता आलं नाही. मग सल्ला कसला घ्यायचा?

पोटमाळा
चळवळ बुडाली म्हणून पुस्तक बुडत नाही. 'ट्रान्सक्रिटीक' वाचा. कामगार कारखान्यात लढतो तिथे तो हरतो, विकत घेणारा म्हणून तो जास्त ताकदवान, हा मुद्दा तिथे आहे. मालाला विक्रीच्या क्षणी जिवावरची उडी मारावी लागते, हे मार्क्सचं वाक्य कारातानी मध्यावर आणून ठेवतात.

सुटे_पैसे
म्हणजे बहिष्कार टाका. आणि चलन काढा. जे बुडतं.

घाटमाथा
'ट्रान्सक्रिटीक' पहिलं पुस्तक म्हणून अजिबात नको. एमआयटी प्रेस, २००३, भाषांतर साबु कोह्सो, साडेतीनशेच्या वर पानं. आधी कांट, मग मार्क्स. 'पॅरलॅक्स' (पाहण्याची जागा बदलली की दिसणंही बदलतं) ही कल्पना कांटच्या १७६६ च्या भुताखेतांवरच्या पुस्तिकेतून उचललेली आहे. तत्त्वज्ञ झिझेकनं ती कारातानींकडून घेतली, म्हणून झिझेकवाले हे पुस्तक सुचवत फिरतात. कांट नुसता ऐकीव असेल तर शंभराव्या पानावर खूण घालून पुस्तक बंद होतं.

ओसाकाकर
सहमत. आता धागाकर्तीच्या दोन महिन्यांचा क्रम लावून देतो. यातलं बरंच फुकट आहे.
पहिला आठवडा: कुनिकिदा दोप्पोची 'वासुरेएनु हितोबितो', १८९८. छोटी कथा आहे. इंग्रजी जे रुबिनचं. जपानी मूळ आओझोरा बुन्को संकेतस्थळावर फुकट, कारण लेखक १९०८ मध्ये वारला. तिथे एकाच कृतीच्या कधी दोन प्रती असतात, तेव्हा 'शिन्जी शिन्काना' लिहिलेली उघडा, म्हणजे नवी अक्षरं आणि नवी लेखनपद्धत. जुनी उघडलीत तर एन-१ वालाही घाम पुसतो.
कथेत ओत्सु नावाचा लेखक सरायीत भेटलेल्या चित्रकाराला आपण विसरू न शकलेली माणसं सांगतो: बोटीवरून दिसलेला बेटाच्या किनाऱ्यावरचा माणूस, आसो डोंगराजवळचा गाडीवान, बिवा वाजवणारा भिक्षेकरी. शेवटी कळतं की दोन वर्षांनी यादीत भर पडली ती सरायीच्या मालकाची. रात्रभर बोलला त्या चित्रकाराची नाही. कारातानींचं पहिलं प्रकरण या शेवटावर उभं आहे: समोरच्या माणसात रस नसलेल्यालाच माणसं निसर्गदृश्यासारखी दिसतात.
दुसरा-तिसरा आठवडा: प्रकरण १. सुरुवातीला सोसेकीच्या 'बुन्गाकुरोन'ची (१९०७) प्रस्तावना येते. सोसेकी १९०० ते १९०२ लंडनमध्ये होता आणि इंग्रजी साहित्यानं आपल्याला फसवल्यासारखं त्याला वाटत होतं. लहानपणापासून वाचलेलं चिनी साहित्य म्हणजे 'साहित्य', असं त्याच्या मनात होतं. 'बुन्गाकुरोन' इंग्रजीत आहे, कोलंबिया, २००९, पण आत्ता नको. त्यात मोठा एफ आणि छोटा एफ अशी सूत्रं आहेत, अडकाल.
चौथा आठवडा: प्रकरण २. इथे काबुकी (पारंपरिक जपानी नाट्य) नट नववा इचिकावा दान्जूरो याच्यावरची पानं दोनदा वाचा. काबुकीत रंगवलेला चेहरा हाच चेहरा होता. दान्जूरोनं वास्तववादी अभिनय आणला आणि उघडा चेहरा 'काहीतरी सांगणारा' झाला. चेहऱ्यामागे अंतरंग असतं, ही समजूत तिथून. गेम्बुन इत्ची, म्हणजे बोली आणि लेखन एक करणं, याचंही तसंच. लोक समजतात बोलीप्रमाणे लिहायला लागले. कारातानी म्हणतात, एक नवीच लेखी भाषा घडली आणि ती बोलीसारखी भासायला लागली.
प्रकरण ३ आधी वाचू नका. त्यात तोसोनची 'हाकाइ' (१९०६) आणि काताइची 'फुतोन' (१९०७) गृहीत आहेत. 'फुतोन' तरी वाचा, छोटी आहे. न वाचता प्रकरण वाचलं तर कबुली आधी आणि कबूल करण्यासारखं अंतरंग नंतर, हा मुख्य डाव हातातून निसटतो.
प्रकरण ६ शेवटी. १९२७ चा अकुतागावा-तानिझाकी वाद तिथे आहे, कथानक हवं की नको यावरचा.

घाटमाथा
+१. दोप्पो आधी वाचा.

खंडप्रेमी
हे सगळं पहिल्या खंडात आहेच.

दुसरी_बाजू
ओसाकाकर, प्रकरण ४ वगळलंत? माझ्या मते सगळ्यांत वाचनीय तेच. तोकुतोमी रोकाची 'होतोतोगिसु' (१८९८-९९) घेतलीय. नामिकोला क्षय होतो, नवरा आरमारात दूर आणि सासू परस्पर काडीमोड करून टाकते. क्षयाला एक हळवं सौंदर्य चिकटवण्याचं काम या कादंबरीनं केलं. कारातानी समोर मासाओका शिकीची 'ब्योशो रोकुशाकु' (१९०२) ठेवतात. शिकीलाही क्षय, पाठीच्या कण्यापर्यंत गेलेला, पण तो लिहितो ते नुसतं दुखणं. त्याला अर्थ नाही, सौंदर्य तर नाहीच. सूझन सॉन्टॅगच्या १९७८ च्या पुस्तकाचा आधार घेऊन ते पुढे जंतूंवर येतात: एक आजार, एक जंतू, एक कारण ही मांडणीसुद्धा कशी 'वाईटाचं मूळ' शोधण्यासारखी आहे.
'होतोतोगिसु'चं जुनं इंग्रजी भाषांतर 'नामी-को', १९०४. स्वामित्वहक्क केव्हाच संपला, फुकट मिळतं.

सुटे_पैसे
आणि २००५ चं ते 'आधुनिक साहित्याचा शेवट'? उगमही यांचाच, शेवटही यांचाच.

शाईची_दौत
टोमणा राहू द्या, पण दोन्ही एकाच धाग्यात आहेत. साहित्यावर राष्ट्र घडवण्याची, नैतिक प्रश्न पेलण्याची जबाबदारी आली तिथे उगम. ती जबाबदारी गळून पडली तिथे शेवट. लिहिणारे लिहीत राहतील, कारातानींना त्याबद्दल तक्रार नाही. कादंबरीकार नाकागामी केन्जी १९९२ मध्ये गेला, तो त्यांचा मित्र आणि त्यांच्या दृष्टीनं त्या प्रकारचा शेवटचा लेखक. 'हिह्यो कूकान' हे नियतकालिक आसादा आकिराबरोबर १९९१ पासून चालवलं, तेही २००२ मध्ये थांबलं.

अनुस्वार
'हिह्यो'तला ओसुद्धा दीर्घ आहे.

तळटीप
सगळ्यांचे आभार, वाखु (वाचनखूण) साठवली.
ठरलं असं: जपानीच घेतेय, १९८८ ची जुनी बुन्को, वापरलेली. पुढच्या महिन्यात ओळखीचं कुणी तिकडून येतंय, म्हणजे टपालखर्च नाही. ड्यूकची प्रत नाही घेत. सुरुवात प्रकरण ४ पासून, 'नामी-को' शेजारी ठेवून. कथा माहीत असली की कांजी ओळखू येतात. उरलेल्या पैशांत कागदी कांजी कोश.

घाटमाथा
एन-३ वर नाही झेपणार.

ओसाकाकर
प्रकरण ४ पासून? मग दोप्पोचं काय?

पोटमाळा
कोश कशाला, त्यात थोडी भर घातलीत तर 'वर्ल्ड हिस्टरी' आली असती.

दुसरी_बाजू
ती बुन्को घेताना आतली पानं पिवळी आहेत का विचारायला सांगा, आणि पेन्सिलीच्या खुणा. कांजीच्या बाजूची, उच्चार दाखवणारी बारीक काना अक्षरं खुणांखाली जातात, आणि एन-३ वर तीच तुम्हाला लागणार आहेत.

तळटीप
विचारलं. पेन्सिलीच्या खुणा आहेत, पण पहिल्या तीन प्रकरणांतच.